तीनशे दुपटी आणि तीन नंबरचं खोकं

गेल्या महिन्यात एका कामासाठी शारजाच्या अल नहदात गेले होते. टॅक्सी सिग्नलला थांबली आणि डाव्या हाताला ती इमारत दिसली. सातवा मजला, तिसरी गॅलरी. आता तिथे कुणीतरी दोन कुंड्या आणि मुलाची सायकल ठेवली आहे. पाच वर्षं मी त्या घराच्या मागच्या खोलीत राहिले. टॅक्सीवाला पुढच्या गाडीवर "यल्ला, यल्ला", चल, चल, करत होता आणि मला मात्र बंद काचांच्या आत उकळत्या सुती कापडाचा वास आला. आता तो वास येण्याचं काहीच कारण नव्हतं. पण आला.

मी परांड्याची. वडील शाळेत शिपाई होते, आई घरी शिवणकाम करायची. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. सोलापूरला बी. फार्म. केलं, तेही आमच्या विज्ञानाच्या बाईंनी स्वतः फॉर्म आणून, भरून, पोस्टात टाकला म्हणून. त्या बाईंचे उपकार मी विसरलेले नाही. पण एक गोष्ट खरी आहे. दहावीत प्रजननाचा धडा आला तेव्हा त्याच बाई म्हणाल्या होत्या, "हा घरी वाचा, परीक्षेला येत नाही." आम्ही तो घरी उघडलासुद्धा नाही. पुढे कॉलेजात मी एचआयव्हीवरच्या सगळ्या औषधांची नावं, मात्रा, दुष्परिणाम तोंडपाठ केले. पण ती औषधं कुणाला, कशानंतर द्यावी लागतात, हे मराठीत मोठ्यानं म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

दुबईत नोकरी लागली ती जबल अलीजवळच्या एका गोदामात. परदेशांत संकट आलं की तिथे पाठवायचं मदतीचं सामान या गोदामात भरून ठेवलेलं असतं. तंबू, पाण्याच्या टाक्या, औषधं. माझ्याकडे बायकांच्या आरोग्याचा कोपरा होता. तिथल्या खोक्यांना नावं नव्हती, नंबर होते. एक नंबर म्हणजे निरोध. दोन नंबर म्हणजे बाळंतपणाची पाकिटं. जिथे दवाखाना उरलेला नाही तिथे बाई घरी बाळंत होते, तेव्हा लागणाऱ्या पाच वस्तू त्यात असत: प्लास्टिकची चादर, साबण, नवं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा आणि बाळाला पुसून गुंडाळायला कापड. आणि तीन नंबर. बलात्कार झालेल्या बाईला द्यायची औषधं. गर्भ राहू नये म्हणून गोळी, इतर संसर्गांवरची औषधं आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून अठ्ठावीस दिवस घ्यायच्या गोळ्या. या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. नंतर त्यांचा भरवसा नाही.

आज हे मी सरळ लिहिलं. तेव्हा मी फक्त "तीन नंबर" म्हणायचे. सगळेच म्हणायचे. नंबरांची ती मोठीच सोय होती.

गोदामाचे प्रमुख सुदानचे होते. पन्नाशीचे, उंच, सावकाश बोलणारे. सगळे त्यांना मुदीर म्हणत. मुदीर म्हणजे साहेब. इकडे औषधवाल्यालाही डॉक्टरच म्हणतात, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला "दुक्तोरा" अशी हाक मारली. मी मागे वळून पाहिलं, कोण डॉक्टर आली म्हणून. त्या संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता इंजेक्शन पण देतीस का?"

राहायला मी काकूंकडे होते, एक खोली भाड्यानं घेऊन. काकू मूळच्या सांगलीच्या, वीस वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. काका एसी बसवण्याची कामं घेत आणि काकू घरून डबे नि फराळ पुरवत. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, तेव्हा नववीत होती. काकू मराठीत बोलायच्या, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची आणि दोघींचं भांडण तरीही अगदी व्यवस्थित व्हायचं.

सकाळी साडेसहाला कंपनीची बस यायची. ती मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पवरून आमच्या हमालांना घेऊन येई, आणि नहदाच्या कोपऱ्यावर मी चढले की पुढची सीट रिकामी करून दिली जाई. काकू रोज डबा हातात देताना तोच प्रश्न विचारायच्या, "आज कुठलं विमान?" मी देशाचं नाव सांगायचे. त्यांना तो देश नकाशात कुठे आहे हे माहीत नसायचं, पण "बरं, नीट भरा" असं त्या न चुकता म्हणायच्या.

त्या वर्षी जानेवारीत आफ्रिकेतल्या एका देशासाठी मोठी मागणी आली. तिथली लढाई थांबून चार महिने झाले होते. मुदीर म्हणत, आपलं काम लढाई संपल्यावर वाढतं, कारण बायका लपलेल्या जागांतून तेव्हा बाहेर येतात. तिथल्या जिल्ह्याच्या दवाखान्यातले तीन नंबर संपत आले होते. शेवटचं खोकं उघडलं आहे असा निरोप होता. दोन नंबर, तीन नंबर, सगळं मिळून एकच खेप आणि एकच कागद. जागा मिळाली ती दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी, सकाळच्या मालवाहू विमानात. त्यानंतरचं विमान आणखी एका आठवड्यानं.

तीन नंबर आमच्या प्रशिक्षित लोकांनी भरून ठेवले होते. दोन नंबरची दीड हजार पाकिटं मात्र भरायची राहिली होती. त्याला औषधाचं ज्ञान लागत नाही, स्वच्छ हात लागतात. कंपनीनं रीतसर परवानगी काढून दोन शनिवारी बाहेरचे स्वयंसेवक बोलवायचं ठरवलं. मी घरी सहज बोलले आणि काकूंनी त्यांच्या भिशीतल्या सात जणी अर्ध्या तासात फोनवर गोळा केल्या.

तो पहिला शनिवार आठवला की अजून हसू येतं. आठ बायका, अंगातल्या पंजाबी ड्रेसवर पिवळी जाकिटं, डोक्यावर कागदी टोप्या. काकूंनी पिशवीतून नारळ काढला. पहिल्या खोक्यापुढे फोडायचा म्हणून.

मुदीर धावत आले. "नो, नो, ममा! खाना अंदर मना है."

"खाना नाही हो, नारळ आहे," काकू मराठीतच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "सहा दिरहमचा आणलाय, म्हणजे एकशेतीस-पस्तीस रुपये झाले. आणि फोडू देत नाहीत!"

"मम्मा, इट्स अ वेअरहाऊस, नॉट युवर देवघर," मुलगी म्हणाली. ती आईला सोडायला म्हणून आली होती आणि थांबली होती.

नारळ मुदीरांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून राहिला. दुपारी बाहेरच्या शेडमध्ये चिवडा निघाला तेव्हा काकू एका खोक्यावर ऐसपैस बसल्या होत्या. मुलीनं खोक्यावरचं लेबल वाचलं आणि ठसका लागेपर्यंत हसली. ते एक नंबरचं होतं. कुणी काही सांगितलं नाही. काकू मात्र म्हणाल्या, "काय गं, चांगलं मऊ आहे की बसायला."

त्याच दुपारी एकीनं पाकिटातलं बाळाचं कापड उलगडून गालाला लावलं.

"अगं, हे कोरं आहे! खळ बघ किती. पत्र्यासारखं लागतंय."

मग ते कापड आठही जणींच्या हातांतून फिरलं. आमच्याकडे नुकत्या जन्मलेल्या बाळाला कुणी नवं कापड घालत नाही. पाचवीपर्यंत तर नाहीच. आईची, आत्याची, मावशीची शंभर वेळा धुतलेली सुती साडी फाडून त्याची दुपटी करतात. माझ्या आईच्या मशीनवर गल्लीतल्या निम्म्या बाळांची दुपटी शिवली गेली. ती कडेला दोरा घालायची, पण टीप नेहमी बाहेरच्या बाजूला, बाळाला लागू नये म्हणून.

"काकू, ते नव्यानंच द्यायचं असतं. यादीत तसं आहे," मी म्हटलं.

"यादी करणारा पुरुष असणार," काकू म्हणाल्या, आणि त्यावर सगळ्या हसल्या.

त्या आठवड्यात घरी सुती साड्या येऊ लागल्या. भिशीतल्या बायकांच्या, त्यांच्या शेजारणींच्या, अबू धाबीहून एकीच्या जावेच्या. काकूंनी फराळाचं मोठं पातेलं काढलं आणि साड्या उकळल्या. चांगली वीस-वीस मिनिटं. गॅलरीत कपडे वाळत घातले की इमारतीचा वॉचमन तक्रार करायचा, म्हणून हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या. काका ओल्या साड्यांखालून वाकून टीव्हीपर्यंत जात. "माझ्या घरात मलाच व्हिसा लागणार आता," असं त्यांचं म्हणणं. काकूंनी तीनशे तुकडे कापले, मोजून, आणि कडांना टीप मारली. मी इस्त्री केली.

हो, मी केली. हे मला लिहायलाच हवं. कुणी मला फसवलं नाही, माझ्या नकळत काही झालं नाही. यादीबाहेरची वस्तू आत जाऊ नये हे बघण्यासाठीच मला पगार मिळत होता. पण गरम इस्त्रीखाली ते कापड इतकं मऊ होत होतं. त्यात एक निळ्या काठाची साडी होती, अगदी आईच्या साडीसारखी. मला वाटलं, यात वाईट काय आहे? उकळलेलं आहे, स्वच्छ आहे. मुदीरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणूनच मी विचारलं नाही.

दुसऱ्या शनिवारी बायकांनी उरलेली पाकिटं भरली आणि जमेल तशी दुपटी आत सरकवली. कुणी एका पाकिटात एक टाकलं, कुणी दोन. काही पाकिटांना मिळालंच नाही. माझं काम खोकी बंद होण्यापूर्वी पाहणीच्या कागदावर सही करण्याचं. मी सही केली. साठ खोकी, प्रत्येकात पंचवीस पाकिटं.

सोमवारी सकाळी मुदीरांनी मला वजनकाट्याशी बोलावलं. त्यांनी एक खोकं कापून ठेवलं होतं. टेबलावर ओळीनं चार दुपटी.

"दुक्तोरा, वजन ज्यादा है. क्यूँ ज्यादा है?"

मी सगळं सांगितलं. साड्या, पातेलं, इस्त्री, सही. सहा महिन्यांची माझी कच्ची नोकरी पुढच्या महिन्यात पक्की होणार होती.

ते ओरडले नाहीत. त्यांनी एक दुपटं उचललं, दोन बोटांत चोळून पाहिलं आणि खाली ठेवलं. मग इंग्रजीत, हळू, मला नीट कळेल असं बोलले. तिकडच्या विमानतळावर कस्टमचा माणूस एक खोकं उघडतो. यादीत नसलेली एक वस्तू निघाली तर तो सगळी खेप अडवतो. वापरलेलं कापड तर हमखास अडवतो, कारण कापडातून रोग येतात. तो चुकत नाही, आपणही हेच केलं असतं. आणि ज्या कागदावर दोन नंबर आहेत, त्याच कागदावर तीन नंबर आहेत.

"मग दोन नंबर मागे ठेवू या. तीन नंबर जाऊ देत."

"कागद विमान कंपनीकडे गेला. नवा कागद म्हणजे पुढचा गुरुवार."

पुढचा गुरुवार म्हणजे सात दिवस. मी मनात हिशोब केला. सात दिवसांत बहात्तर तास दोनदा मावतात आणि वर एक दिवस उरतो. तिथे शेवटचं खोकं उघडून आठवडा होऊन गेला होता.

मुदीर म्हणाले, वजनावर जायचं नाही, साठही खोकी उघडायची. प्रत्येक पाकीट बघायचं. बुधवारी दुपारी चारला ट्रक. गोदामातले बाकीचे लोक दुसऱ्या खेपेवर होते. "तुमच्या त्या ममा लोकांना बोलवा. त्यांनी टाकलं, त्यांनाच पटकन सापडेल."

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा काकू चकल्या तळत होत्या. मुलगी डायनिंग टेबलावर अभ्यास करत होती. मी उभ्या-उभ्याच सांगितलं की दुपटी काढायला लागणार.

"काढायला? का म्हणून?" काकूंचा झारा हवेतच राहिला. "वीस मिनिटं उकळलीत मी! चिंध्या समजले का ते आमच्या साड्यांना?"

"तसं नाही काकू. नियम आहे."

"नियम! ज्यानं कधी बाळ हातात घेतलं नाही त्याचा नियम. मी नाही काढणार. आणि त्या सात जणींना काय सांगू? रजा काढून या, तुमचं पुण्य परत न्यायला?"

"नाही काढली तर सगळी खेप अडकेल. तीन नंबरसुद्धा."

"मग अडकू दे चार दिवस. एवढं काय आहे त्या तीन नंबरात?"

"औषधं आहेत."

"कसली?"

मी मुलीकडे पाहिलं. "तू जरा आत जातेस का?"

काकूंनी माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. मी म्हटलं, "म्हणजे... लढाईत बायकांवर... तसे प्रसंग आलेल्या..." मला पुढे जाता येईना. मी शिकलेली, दुक्तोरा. औषधांची नावं सलग म्हणून दाखवली असती.

मुलीनं पेन खाली ठेवलं. "रेप, मम्मा. दीदी मीन्स रेप. वी डिड इट इन स्कूल. देअर आर टॅब्लेट्स सो यू डोन्ट गेट एचआयव्ही."

एका पोरीनं परक्या भाषेत मला वाट करून दिली होती. मग मी मराठीत बोलले. "बलात्कार झालेल्या बायकांची औषधं आहेत, काकू. तीन दिवसांच्या आत घ्यावी लागतात. तिथली संपलीत. हे विमान चुकलं तर पुढच्या आठवड्यात ज्या बायका येतील त्यांना दवाखाना रिकाम्या हातानं परत पाठवेल."

काकूंनी गॅस बंद केला. कढईतल्या चकल्या तशाच राहिल्या.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

मी त्यांच्या हातातला झारा घेऊन बाजूला ठेवला.

त्या स्टूलवर बसल्या. मग विचारलं, "त्या गोळ्या घ्यायला नवऱ्याची सही लागते का?"

"नाही."

"पोलिसांची?"

"नाही. तिनं हो म्हटलं की पुरे."

"हं. हे बरं केलंय," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी फोन घेतला.

तो फोन मी कधी विसरणार नाही. सात जणींना त्यांनी एकेक करून लावला. मला वाटलं होतं काहीतरी गोलगोल सांगतील. "अगं ऐक," त्या म्हणाल्या, "आपल्या दुपट्यांपायी बलात्कार झालेल्या बायकांच्या गोळ्या अडकल्यात. उद्या सकाळी यायचंय. डबा मी आणते." पुन्हा दुसरीला तेच. पुन्हा तिसरीला. साखर संपली आहे हे सांगावं तशा सरळ आवाजात. तो शब्द एका संध्याकाळी, एका स्वयंपाकघरात, मी सात वेळा ऐकला. सातव्या वेळेला तो नुसता शब्द राहिला होता, ज्याच्यासाठी काहीतरी करायचं होतं.

पाचव्या फोनला पलीकडची बाई बराच वेळ काही बोलली नाही. काकूंनीही फोन ठेवला नाही. मग त्या हळूच "बरं, ये" एवढंच म्हणाल्या. त्या बाईबद्दल त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मंगळवारी आठही जणी आल्या. दोघींनी ऑफिसातून रजा टाकली होती. एकीच्या फोनवर सकाळपासून मुलांच्या शाळेचे मेसेज येत होते. या वेळी नारळ नव्हता, हसणं नव्हतं. टेप कापायची, पाकीट उघडायचं, पाच वस्तू बोटानं मोजायच्या, दुपटं असेल तर बाहेर काढायचं, पाकीट बंद, पुढचं. मी प्रत्येक खोकं पुन्हा तपासत होते आणि नव्यानं सही करत होते. मुदीर स्वतः वजन करत. मंगळवारी पस्तीस खोकी झाली. बुधवारी दुपारी दोनपर्यंत साठ.

काकूंनी दुपटी दहा-दहाच्या गठ्ठ्यांत लावली आणि मोजली. दोनशे नव्याण्णव.

"परत मोजा," मी म्हटलं.

दोनशे नव्याण्णव.

"तीनशेच होती?"

"मी मोजून कापलीत. तीनशे."

दोन तासांत ट्रक. साठ खोक्यांपैकी एकात कुठेतरी एक दुपटं. मुदीरांनी पहिल्या खोक्याची टेप कापली. आम्ही सगळ्या परत बसलो. बारा खोकी झाली, वीस झाली. साडेतीनला काकूंची मुलगी शाळेच्या बसमधून उतरून काकांच्या व्हॅननं आली, आईला न्यायला. आत येता-येता तिनं शेडमध्ये ठेवलेली आमची पिशवी उचलून आणली.

"मम्मा, व्हाय इज युवर चिवडा वेअरिंग अ दुपटं?"

चिवड्याचा स्टीलचा डबा. त्याचं झाकण सैल होतं. मागच्या शनिवारी काकूंनी ते हाताला आलेल्या कापडानं आवळून गाठ मारली होती. तोच डबा, तीच गाठ, आज परत आणलेली. निळ्या काठाचं होतं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या.

आधी एक हसली, मग दुसरी. मग आम्ही सगळ्याच हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुदीरांना कळेना. मी त्यांना डबा दाखवला. त्यांनी गाठ सोडली, दुपटं गठ्ठ्यावर ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "तीन सौ. खलास!" मग हमालांकडे वळून, "यल्ला, टेप मारो!"

चाराचा ट्रक साडेचारला सुटला. गुरुवारी सकाळी विमानात माल चढल्याचा संदेश आला तेव्हा मी बसमध्ये होते.

बायका निघाल्या तेव्हा मुदीर काकूंजवळ आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले, जरा लाजल्यासारखे. त्यांच्या मुलीला पुढच्या महिन्यात बाळ होणार होतं. "ममा, दो मिलेगा? बाहर नहीं जायेगा. मेरे घर जायेगा."

काकूंनी दोन नाही, बारा दिली. आणि टीप बाहेरून ठेवायची असते, हे हातवारे करून समजावलं.

मला लेखी ताकीद मिळाली. ती रास्त होती, अजून माझ्या फाइलमध्ये आहे. नोकरी पक्की व्हायला आणखी सहा महिने गेले. या चुकीबद्दल जो अहवाल मला लिहायचा होता, त्याच्या शेवटी मी एक ओळ घातली की पाकिटातलं नवं कापड फार खळीचं आहे, पुरवठादारानं ते धुऊन द्यावं. पुढच्या वर्षी यादीत कापडापुढे "धुतलेलं" असा शब्द आला. मी काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "चला, कुणीतरी बाई बसली वाटतं तिथं."

तीन आठवड्यांनी तिकडून पोच आली. छापील तक्ता, दवाखान्याचा शिक्का, कुणा नर्सची गिचमिड सही. माल पूर्ण, यादीबाहेर काही नाही. शेवटच्या रकान्यात प्रत्येक खोकं पहिल्यांदा कधी उघडलं त्याची तारीख लिहायची असते. एक नंबर, दोन नंबर, यांच्यापुढे वेगवेगळ्या तारखा होत्या. तीन नंबरपुढे माल पोचल्याचीच तारीख होती.

कागद बाहेर नेता येत नाही. मी घरी येऊन काकूंना नुसतं सांगितलं.

"त्याच दिवशी?"

"हो."

"म्हणजे ती बसून होती. गाडीची वाट बघत."

काकूंनी हात पुसले. मग उगाचच पातेलं जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवलं.

आता काका-काकू सांगलीला परत गेले. मुलगी कॅनडात शिकते. मी अजून त्याच गोदामात आहे, मुदीरांच्या जागी दुसरे आले. नवी माणसं कामाला लागली की हातमोजे देण्याआधी मी त्यांना प्रत्येक नंबरात काय आहे, कुणासाठी आहे, ते नाव घेऊन सांगते. हिंदीत सांगते, समोर कुणी आपल्याकडचं असलं तर मराठीत. सुरुवातीला माझा आवाज थोडा चढायचा. आता चढत नाही.

रविवारी काकूंचा फोन येतो. गुडघे, पाऊस, भाव, सगळं बोलून होतं. फोन ठेवायच्या आधी त्या विचारतातच.

"तीन नंबर आहेत ना गं सगळीकडे?"

असतील तर हो म्हणते. नसतील तर कधीचं विमान आहे ते सांगते.

"बरं," काकू म्हणतात, "नीट भरा."